कॉलरमागची खूण

रक्ताचा डाग कसा काढायचा हे ओबुळम्माला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. थंड पाणी, खारी माती, आणि घाई करायची नाही. पण डाग टिकवायचा कसा, हे तिला साठ वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

विचारत होती लक्ष्मीदेवम्मा, वरच्या आळीतल्या बय्यपु रेड्डीची विधवा. तिनं पत्र्याची पेटी उघडून आतलं गाठोडं कडप्प्याच्या फरशीवर ठेवलं आणि सोडलं. आत नवऱ्याचा सदरा. मतदानाच्या दिवशी तो शाळेच्या आवारात कोयत्यांनी तोडला गेला तेव्हा अंगात होता तोच. वीस वर्षांत त्याला पाणी लागलेलं नव्हतं. डाग वाळून काळपट झालेले, आणि आता त्याला कसर लागली होती. रक्त होतं तिथंच नेमकी भोकं पडत चालली होती.

"येत्या सोमवारी त्यांचं श्राद्ध आहे," लक्ष्मीदेवम्मा म्हणाली. "माझा शेखर यावर हात ठेवून शपथ घेणार. तोवर तरी टिकायला पाहिजे, ओबुळम्मा. धुवायचा मात्र नाही."

शपथ सूडाची, हे सांगायची गरज नव्हती. नल्लमडुगूत दोन आळ्या, दोन चहाची दुकानं, दोन पिठाच्या गिरण्या. एसटीसुद्धा दोनदा थांबायची, कारण वरचे खालच्यांच्या थांब्यावर उतरत नसत. परटाचं घर मात्र एकच. मळका कपडा दोन्हीकडं सारखाच मळतो, आणि दुसरा परीट पोसायची ऐपत कोणाची नव्हती. त्यामुळं दोन्हीकडच्या चुलीपर्यंत जाणारी अख्ख्या गावात एकटी ओबुळम्मा.

आणि तिला सवय भारी वाईट. प्रत्येक गोष्टीचं मूळ तिला हवं असायचं. हे भांडण सुरू कशावरून झालं, हे ती वर्षानुवर्षं विचारत होती. वरचे सांगायचे, खालच्यांचे बैल आमच्या ज्वारीत शिरले. खालचे सांगायचे, देवाच्या रथाच्या दोराला आधी हात कोणाचा यावरून. तिची सासू म्हणायची, दोन्ही झूट, बय्यपु रेड्डी आणि खालचा तिम्मा रेड्डी एका पानात जेवायचे. सरपंचाची निवडणूक आली, शहरातल्या एका पुढाऱ्यानं एकाला धरलं, दुसऱ्यानं दुसऱ्याला, आणि मग बैलही आठवले आणि दोरही आठवला. बरं, ते दोन पुढारी आता कुठं आहेत म्हणाल तर व्याही झालेत. गेल्या माघात त्यांच्या पोरांचं लग्न लागलं. सोनेरी पत्रिका दोन्ही आळ्यांत आल्या, आणि दोन्ही सारख्याच, हे गावात फक्त ओबुळम्माला कळलं. ती चार दिवस एकटीच हसत होती. पाचव्या दिवशी तिला रडू आलं.

तर सदरा. कडुनिंबाचा पाला घाला, कापूर ठेवा, सावलीत वारा द्या, असं सांगत तिनं सवयीनं कॉलर उलटी केली. परटाचा हात कपडा हाती आला की कॉलरीकडंच जातो. बिब्ब्याच्या रसानं केलेली घराची खूण तिथं असते आणि कापड विरलं तरी ती जात नाही. घरच्यांना ती वाचता येत नाही, आणि वाचायला कोणी जातही नाही. इथं वाळलेल्या रक्तानं ती झाकली होती. कसरीनं रक्त खाल्लं आणि खूण उघडी पडली.

दोन ठिपके आणि फुली.

ओबुळम्मानं डोळे चोळले. वरच्या घराची खूण तीन ठिपके आणि खाली रेघ. दोन ठिपके आणि फुली म्हणजे खालची आळी, तिम्मा रेड्डीचं घर. तोही त्याच दिवशी, त्याच आवारात, दहा पावलांवर मरून पडला होता.

"काय गं?" लक्ष्मीदेवम्मानं विचारलं.

"काही नाही, अम्मा. डोळ्यात कसर गेली."

घरी येऊन ती ओट्यावर बसली ती बसलीच. हे कसं झालं असेल? साक्षीदार फुटले, वर्षभरात खटला उडाला, दोन्हीकडचे मारेकरी सुटले आणि कोर्टानं जप्त केलेले कपडे परत न्यायला बोलावलं. तारीख एकच. एका बाकावर बसायला कोणी तयार नाही, म्हणून दोन्ही घरांनी तिच्या नवऱ्याला, नरसन्नाला धाडलं. त्याला वाचता येत नव्हतं. कारकुनानं तोंडी सांगितलं, डावीकडचं वरच्यांचं, उजवीकडचं खालच्यांचं. गाढवावर दोन बाजूंना दोन गाठोडी बांधून तो निघाला. आणि संध्याकाळी जेवताना म्हणाला होता, आज मधेच गाढव लोळलं गं, सगळं परत बांधावं लागलं. तेव्हा ती पोट धरून हसली होती. आज हसू येईना. उघडून बघायचं तर मेलेल्याचं गाठोडं वाटेत सोडू नये हा रिवाज, आणि नरसन्ना रिवाजाचा पक्का. आता तो मातीआड गेलेला. विचारायचं कोणाला?

म्हणजे चूक परटाची. या मुलखात बांधावरच्या बाभळीसाठी माणूस तोडतात, मग याला काय करतील? तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं रेड्ड्यांनीच दिलेल्या जागेत राहत होती. सांगावं तर घर जातं. न सांगावं तर सोमवारी शेखर शपथ घेतो, भुईमूग निघायच्या आत तिम्मा रेड्डीचा मुलगा मद्दिलेटी कुठल्यातरी ओढ्यात पडलेला सापडतो, आणि पुढच्या वर्षी शेखर. दोघांची दुपटी तिनंच धुतली होती. शेखरची जरा जास्तच, तो पोटानं नाजूक होता. इकडं आड, तिकडं विहीर.

आधी खात्री तरी करू, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत गेली. तिम्मा रेड्डीची विधवा सुंकम्मा शेंगा फोडत बसली होती. ओबुळम्मानं हवापाण्याच्या गप्पा काढल्या, मग यंदा कसर फार झालीय यावर आली, मग पेटीतले कपडे एकदा बघून देते म्हणाली. सुंकम्माचे हात थांबले.

"माझ्या पेटीला कसर लागत नाही," ती म्हणाली. "आणि तिला हात लावायचा नाही, ओबुळम्मा. माझ्या पोरालाही मी लावू दिलेला नाही."

झालं. गेली तशी ती परत आली. हातात अर्धीच गोष्ट, आणि अर्ध्या गोष्टीवर जीव टांगायचा.

शनिवारी धुतलेले कपडे द्यायला ती वर गेली. घरात दुसरं कोणी नाही असं बघून तिनं लक्ष्मीदेवम्माला सगळं सांगितलं, खूण सांगितली, गाढवसुद्धा सांगितलं. लक्ष्मीदेवम्मा खांबाला टेकून ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "अजून कोणाला बोललीस?"

"नाही, अम्मा."

"मग घरी जा."

ओबुळम्मानं त्याच दिवशी सुनेला नि नातवंडांना माहेरी पाठवलं. मुलगा जाईना. काय झालंय ते सांग म्हणून हटून बसला. तिनं सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटातलं काढून घेणाऱ्या बाईनं पहिल्यांदा स्वतःच्या पोटात काही ठेवलं.

सोमवारी सकाळी वरच्या घराच्या अंगणात तीसएक माणसं जमली. सदऱ्याखाली धुतलेलं धोतर अंथरायचं काम परटाचं, म्हणून तिला जावंच लागलं. शेखर अंघोळ करून ओल्या केसांनी उभा होता. वीस वर्षांचा, ओठावर जेमतेम मिशी. बाप गेला तेव्हा तीन महिन्यांचा होता. शेजारी त्याचा काका एल्ला रेड्डी. त्याला यंदा निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि त्याआधी पुतण्या असा शपथेनं बांधलेला त्याला हवा होता. तो उगवत्या पिढीवर बराच वेळ बोलला.

लक्ष्मीदेवम्मानं सदरा आणून धोतरावर ठेवला. शेखरनं हात पुढं केला.

"थांब," ती म्हणाली. "आधी कॉलर उलट. ओबुळम्मा, खूण कोणाची ते सांग."

तीस माणसं तिच्याकडं बघत होती. तिला वाटलं होतं, सांगायचं ते सांगून झालं. आत्ता कळलं की खरं सांगणं हे आहे.

"दोन ठिपके, फुली," ती म्हणाली. "तिम्मा रेड्डीच्या घरची."

मग तिनं गाढवाची हकीकत सांगितली, आणि चूक माझ्या घरची आहे, काय करायचं ते मला करा, माझ्या पोराला नको, असंही म्हणाली. एल्ला रेड्डी लालबुंद झाला. परटाच्या जातीला त्यानं काय काय म्हटलं ते इथं कशाला सांगू. मग तो सदऱ्याकडं वळला आणि जाळा म्हणाला ते. दुश्मनाचं रक्त घरात ठेवलं वीस वर्षं, पेटवा आत्ताच्या आत्ता.

लक्ष्मीदेवम्मानं सदरा उचलून छातीशी धरला.

"भावजी, एकोणीस वर्षं हा उशाशी घेऊन मी निजले," ती म्हणाली. "याच्यात तोंड खुपसून रडले. माझ्या मालकाचा वास येतो म्हणायचे. तुम्हीही दर साली याला हात जोडलेत. मला फरक कळला नाही. तुम्हाला कळला होता का?"

मग कोणीतरी म्हणालं, सदरा नसला तर नसला, कोयत्यावर शपथ घेऊ द्या. दोघातिघांनी माना हलवल्या. शेखरचा हात अजून अर्धवट पुढं केलेलाच होता. तो हात त्यानं असा उलटा करून पाहिला, जणू त्याला काही लागलंय.

"माझ्या बापाचा कुठंय?" त्यानं विचारलं.

"खाली असणार," ओबुळम्मा म्हणाली. "मी पाहिलेला नाही, बाळा. पण दुसरीकडं कुठं असणार?"

"तो आणल्याशिवाय मी कशावरच हात ठेवणार नाही," शेखर म्हणाला, आणि आईच्या हातातून सदरा घेतला.

काकानं माणसं बरोबर घ्या म्हटलं, हत्यार घ्या म्हटलं. हत्यार घेऊन कपडा बदलायला जातात का, असं लक्ष्मीदेवम्मानं विचारलं. मग ओबुळम्मा पुढं आणि शेखर मागं, असे ते निघाले. त्यानं जन्मात खालची आळी पाहिली नव्हती. मारुतीचं देऊळ ओलांडलं तसा त्याचा श्वास तिला ऐकू यायला लागला. "हे त्यांचं दुकान?" तो हळूच विचारी. "आपल्यासारखंच आहे की." दुकानातली माणसं ग्लास ठेवून उठली आणि अंतर राखून मागं चालू लागली.

सुंकम्माच्या दारात मद्दिलेटी ट्रॅक्टरचं चाक खोलत होता. शेखरला पाहून तो पाना हातात घेऊनच उभा राहिला. पाना चांगला हातभर लांब होता. ओबुळम्मा दोघांच्या मधे गेली. बोलला तो शेखर, आणि परटाकडं कपडे बदलले की माणूस शेजारच्या दारात जे बोलतो तेवढंच बोलला.

"आमचा सदरा तुमच्याकडं आलाय. तुमचा आमच्याकडं आहे. बदलून न्यायला आलोय."

मद्दिलेटीला काही उमजेना. पण सुंकम्मा आतून आली होती. तिनं शेखरच्या हातातला सदरा पाहिला, खिसा उलटा करून आतली शिवण पाहिली. लाल दोऱ्याची, आखूड टाक्यांची. "ही माझी शिवण," ती म्हणाली, आणि काही वेळ तो खिसा तसाच धरून राहिली. मग आत गेली. पेटीची कडी वाजलेली बाहेर ऐकू आली.

तिनं आणलेला सदरा पांढराशुभ्र होता. धुतलेला, खळ घातलेला, घडी न मोडलेला. वार जिथं बसले होते तिथं बारीक रफू. कॉलरीमागं तीन ठिपके आणि रेघ.

"हा माझ्या माणसाचा नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं," सुंकम्मा म्हणाली. "सांगितलं असतं तर दिरांनी नरसन्नाला जिवंत ठेवलं नसतं. पोराला दाखवला असता तर त्यानं दुसऱ्याच कोणाच्या रक्तावर शपथ घेतली असती. म्हणून धुतला. ज्याचा त्याला धुवूनच द्यायचा असतो, होय ना ओबुळम्मा? एकोणीस वर्षं वाट बघतेय, कोणीतरी बदलायला येईल म्हणून."

पाना मद्दिलेटीच्या हातात होता, पण तो आता खाली लोंबत होता.

शेखरनं दोन्ही हातांत सदरा घेतला. शपथ घ्यायला त्यावर डाग शोधला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाही उलटून पाहिली. कुठं काही नव्हतं. मग उन्हात त्यानं तो अंगाला लावून बघितला, आणि त्याच्या खांद्याला तो बरोबर आला.