आतून लागलेली कडी

१९९४ साली सुरतेत प्लेग आला आणि उधना भागातली खानदेशी कामगारांची चाळ बघता बघता ओस पडली. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या गाडीला लोंबकळत खानदेशाकडे पळाली. सरलाबाईही लेकीला, नूतनला, घेऊन अमळनेरजवळ माहेरी गेली. नवरा भिकन मात्र हलला नाही. कापडाच्या लूमवर राबणारा हट्टी माणूस. रिकाम्या चाळीत चोर शिरतील, मी खोली सांभाळतो, म्हणाला.

रोग ओसरल्यावर ती परतली, तर दार आतून बंद. हाका मारून घसा बसला. शेवटी शेजारच्या हिलालने पहार घालून दार बिजागऱ्यांसकट उखडलं. कडी तशीच अडकलेली होती आणि आत कोणी नव्हतं. खुंटीवर शर्ट, कोपऱ्यात चपला, स्टोव्हवर बुरशी धरलेली खिचडी. खिडकीचे गज शाबूत होते, छपराचा पत्रा जागचा हलला नव्हता.

सरलाबाईने इस्पितळं पालथी घातली. भिकनच्या नावाचा रोगी कुठेच नव्हता. पोलीस म्हणाले, गेला असेल स्वतःच्या मर्जीने. "कुठून गेला, साहेब?" तिने विचारलं. साहेबाने तिला बाकड्यावर बसायला सांगितलं आणि दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

हिलालला वाटलं, बाहेरून दार आपटलं की कडी आपोआप पडत असेल. दार परत बसवल्यावर सरलाबाई ते आपटत बसली. जोरात, हळू, दोरी लावून, तार घालून. दंड भरून आले, नूतन रडायला लागली, तरी कडी एकदाही पडली नाही. तिने दाराला लाथ मारली आणि पाऊल धरून खाली बसली.

मग लोक यायला लागले. चलथाणहून, आसपासच्या गावांतून, खोली बघायला. एकाने उंबऱ्यावर नारळ फोडला, एक बाई अंगारा मागू लागली. सरलाबाईचा संताप अनावर झाला.

"मना धनी भूत नही व्हता," ती ओरडली. "तो कथा गया, कोन्या गावले गया, तेवढं सांगा. नहीतर निंघा आठून!"

माणसं दोन पावलं मागे सरली, पण गेली नाहीत. भाडेकरू घाबरतात म्हणून मालकाने अखेर तिलाच खोली सोडायला लावली. दीर तेराव्याचं बोलायला आला, त्याला तिने चहाही न देता वाटेला लावलं. मेल्याचं कोणी दाखवलं नाही, तर दिवस कोणाचे घालायचे?

ती शहराबाहेर कडोदऱ्याला राहायला गेली, साड्यांचे धागे कापायचं काम धरलं. तिथे कोणी तिला ओळखत नव्हतं. चार वर्षांनी एका दुपारी सोबत काम करणारी शोभा रंगात येऊन सांगू लागली, उधन्याला एका खोलीत प्लेगात माणूस कोंडून घेऊन बसला आणि त्याचा साप झाला. गजांतून गेलेला लोकांनी पाहिला. अजून अमावस्येला येतो.

सरलाबाईची कात्री थांबली.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"मग खरं काय?" शोभाने विचारलं. "तुला माहीत आहे?"

सरलाबाईने साडी पुढे ओढली आणि इतक्या जोरात कात्री चालवली की धाग्याबरोबर काठही कापला गेला.