रेषेखालची बाळं

बाळंतपणाला मी पुण्याहून माहेरी, बंगळूरच्या राजाजीनगरला आले आणि सिद्धी चार महिन्यांची झाली तरी तिथेच ठाण मांडून होते. कौतुकात काही कमी नव्हतं. आईचे आळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, सगळं अंगी लागत होतं, पण माझ्या. सिद्धीचं वजन तिसऱ्या महिन्यापर्यंत झकास वाढलं आणि मग रेंगाळलं.

हे कळलं ते बाबांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरून. बाबा लहान मुलांचे डॉक्टर, दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. कितव्या महिन्याला बाळाचं वजन किती हवं ते सांगणारा निळ्या रेषेचा मोठा तक्ता तिथे भिंतीवर होता. बाळांच्या दुधाची पावडर विकणाऱ्या कंपनीने तो दिला होता आणि कंपनीच्या गुरुप्रसादने स्वतः स्टुलावर चढून ठोकला होता. दोनेक वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, कायदा आला, डब्यांच्या जाहिराती बंद झाल्या, तेव्हा बाबांनी कंपनीची कॅलेंडरं निमूटपणे उतरवली. तक्त्यावर डब्याचं चित्र नव्हतं, म्हणून तो राहिला. बाबा सरळ माणूस. फुकट आलेल्या वस्तूकडे संशयाने बघायचं असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

सिद्धीचा ठिपका रेषेच्या खाली पडला. बाबा आजवर सगळ्या आयांना सांगत आले तेच त्यांनी मलाही सांगितलं, की दूध पुरत नसेल, एक वेळ वरचं सुरू करू. स्वयंपाकघरात डबा आला. शाळा-कॉलेजात कधी नापास न झालेली मी त्या एका ठिपक्याने नापास झाले. पोटभर रडले आणि सगळ्यांवर चिडले, आईवर जास्त, कारण ती समजूत घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडायचा ठरला. मी गॅसवर पाण्यात बाटली उकळत ठेवली, तेवढ्यात बाबांनी हाक मारली. गुरुप्रसाद आला होता, पण या खेपेला बॅग न घेता. बायको शमिकाला आणि चार महिन्यांच्या मुलाला घेऊन, डोस द्यायला. तो मराठीच, पण घराणं तीन पिढ्या बंगळूरचं; मला अक्का म्हणायचा. मी बाळाचं वजन केलं आणि बोट तक्त्यावर नेलं. ते सिद्धीच्या ठिपक्याच्याही खाली टेकलं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मग जरा खवचटपणेच विचारलं, कंपनीच्या माणसाच्या घरचे डबे संपले की काय.

गुरुप्रसाद फरशीकडे बघू लागला. शमिकाच मोकळेपणाने म्हणाली, "आम्ही डबा देत नाही, अक्का. माझंच दूध पितो. हे म्हणतात, डबा विकायचा असतो, घरी आणायचा नसतो."

मुलाने बाबांच्या स्टेथोस्कोपची नळी मुठीत धरून ओढली. बाबांनी त्याला नीट तपासलं, लंगोट किती वेळा ओले होतात ते विचारलं आणि मुलगा ठणठणीत आहे म्हणाले. मग सिद्धीला आणायला सांगितलं. तिचीही तशीच तपासणी झाली. तपासता तपासता ती पालथी पडली आणि आजोबांकडे बघून खिदळली.

"गुरु, ही रेष कुठल्या मुलांची?" बाबांनी विचारलं.

"बाहेरच्या देशातली, सर. बहुतेक बाटलीवरची. आईचं दूध पिणारी मुलं तिसऱ्या महिन्यानंतर स्वल्प खाली येतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

"आणि मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही, सर."

बाबांचा चेहरा एवढासा झाला. किती आया त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील कोण जाणे. त्यांचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता आणि मला त्यांची फार कीव आली. मग ते उठले आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. स्टूल धर."

तक्ता उतरला. गुरुप्रसादने स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं. ऑफिसात कोणी विचारलंच तर भिंतीला ओल आली होती म्हणून सांगतो, म्हणाला. तक्त्याची गुंडाळी शमिकाने काखोटीला मारली.

पुढची आई आत आली. मागच्याच आठवड्यात बाबांनी तिला डबा लिहून दिला होता. तिच्या बाळाला त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग कानडीतून सावकाश सांगितलं, की माझं चुकलं, तुमचं दूध पुरतंय, तेच चालू ठेवा. ती बाई डोळ्यांना पदर लावून हसायला लागली. मलाही रडू आलं, पण कालच्यासारखं नाही.

आत गॅसवर पाणी अजून उकळत होतं. मी बाटली बाहेर काढली, पातेल्यात ताजं पाणी घेऊन सगळ्यांसाठी चहा टाकला आणि सिद्धीला घेऊन बसले. आधी ती प्यायली, मग मी.