जजसाहेबांचा घोडा आणि माझा बॅज

जज ओबडाया क्रंप यांचं घर आमच्या नेपरव्हिलपासून गाडीने वीस मिनिटांवर. आता तिथे म्युझियम आहे आणि दर शनिवारी लोकांना ते फिरवून दाखवणारा व्हॉलंटियर मी. छातीवर बॅज: पुरुषोत्तम. घरी तोंड उघडलं की मुलगा म्हणतो, "बाबा, कॉल चालू आहे." सुनेचाही चालूच असतो. इथे मात्र वीस-वीस माणसं तासभर माझं ऐकतात. अशा गुणी माणसांना नुसता इतिहास देऊन कसं पाठवायचं?

म्हणून मी घोडा आणला.

दीडेकशे वर्षांपूर्वी इकडचे जज घोड्यावरून गावोगाव फिरून कोर्ट भरवत. हे खरं. वकील फार लांबण लावू लागला की क्रंपसाहेबांचा घोडा खिडकीबाहेर टाप आपटायचा आणि साहेब निकाल द्यायचे. हे माझं. एकदा साहेब तापाने फणफणले, तर घोडा एकटाच तीन गावं करून आला आणि त्याला दारात बघूनच सतरा भांडणं आपसात मिटली. हेही माझंच.

मागच्या महिन्यात एका शाळकरी मुलीने प्रोजेक्टमध्ये न्यायाधीशांच्या यादीत घोडा घातला. चित्रासकट. टीचरचा फोन आला. डायरेक्टर हार्लनबाईंनी मला बोलावलं.

"पुरू, या शनिवारी टूरमध्ये मी असेन. कागदात नसलेलं एक वाक्य बोललात, की बॅज परत."

मी धावलो आश्लेषाकडे. ही नागपूरची पोरगी आमच्या बेसमेंटमध्ये राहते आणि याच जजवर पीएचडी करते.

"काका, वॉर्न केलं होतं ना मी?"

"टोमणे नंतर मार. काहीतरी खरं दे, पण चविष्ट."

तिने लॅपटॉपवर तुरुंगाच्या रजिस्टरचा फोटो उघडला. मी अर्धं पान वाचलं. "हे कोण मानेल गं?"

"काका, हे तुम्ही म्हणताय?"

शनिवारी आश्लेषाही टूरला आली. मी सांगायला घेतलं. लाकूडतोड्याचा मुलगा, आधी शाळामास्तर, मग स्वतःच पुस्तकं वाचून वकील, मग जज. कोर्टात उशिरा येईल त्याला एक दिवस कैद, हा साहेबांचा नियम. एका मार्चमध्ये चिखलात अडकून साहेबच उशिरा आले. खुर्चीत बसले, स्वतःला शिक्षा सुनावली, उठले आणि तुरुंगात गेले. कोठडी एकच. आत एक कोंबडीचोर. दिवस वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी त्याचा खटला तिथेच चालवला. पुरावा नव्हता, सोडून दिलं. चोर बाहेर, जज आत!

लोक खो खो हसले. हार्लनबाईंनी हात पुढे केला. "बॅज."

बघा! जन्मात एकदा खरं बोललो, तर ही गत.

"एक मिनिट, मॅम." आश्लेषाने फोनवर रजिस्टरचं ते पान त्यांच्यासमोर धरलं. बाईंनी चष्मा चढवला. दोनदा वाचलं. हात खाली आला.

तेवढ्यात मागेही एकदा टूरला येऊन गेलेल्या एका टोपीवाल्याने विचारलं, "तेव्हा घोडा कुठे होता?"

बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी जीभ आवरली. "कागदात नाही." त्याचा चेहरा असा पडला, की काय सांगू!

"आहे," बाई पान पुन्हा बघत म्हणाल्या. "शेवटची ओळ. घोडा दिवसभर खिडकीशी उभा होता."

"टाप आपटत होता?" टोपीवाल्याने लगेच विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण एवढ्या थंडीत दिवसभर उभा, म्हणजे आपटलीच असणार. आणि आत साहेब लगेच निकाल..."

मी हात पुढे केला.

"मॅम, बॅज."