आठ अक्षरांपुढचं गाव

बांगडीपेक्षा जरा मोठी, पिवळ्या प्लास्टिकची ती कडी तिनं टेपच्या चकतीमागून काढली आणि टेबलावर ठेवली — कडी असली तरच टेपवर नवं लिहिता येतं, नसली की टेप सुरक्षित. जुन्या सिस्टिमची टेप आता सुरक्षित होती, आणि पुष्पलताला तेवढ्यानंही बरं वाटलं. बाहेर मे महिन्यातलं नागपूर भाजून निघत होतं आणि ती स्वेटर घालून बसली होती. विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या या कचेरीत एसी फक्त कॉम्प्युटरला होता, आणि त्याच्या कृपेनं तिला. सक्करदऱ्याहून सायकलनं घामाघूम यायचं आणि आल्या आल्या स्वेटर चढवायचा, याची सहा वर्षांत तिला कधी सवय झाली नाही. अजून मजाच वाटायची.

मशीन मात्र आज रुसलं होतं. नवी डिस्क बसवली होती, ती जुन्या सिस्टिमला ओळखू येईना. म्हणून कंपनीनं नवी सिस्टिम धाडलेली, जुनीवर चढवायची. सकाळपासून तीनदा चढवली, तीनदा ती अर्ध्यावर थांबली. याद्या लावणारा प्रोग्राम म्हणे, आधी नवी लायब्ररी, सगळ्या प्रोग्रामांची ती सामायिक पेटी, आणा. लायब्ररी म्हणे, आधी टेप वाचणारा नवा प्रोग्राम. आणि तो म्हणे, याद्या लावणारा नवा असल्याशिवाय मी नाही... लग्नात मामा आल्याशिवाय आत्या पंगतीला बसत नाही आणि आत्यानं बोलावल्याशिवाय मामा उठत नाहीत, अगदी तसलं. खरं तर चिडायला हवं होतं. पण कोण कोणावर अडून बसलंय ते कागदावर बाण काढून शोधायचं, यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळत नसे.

गोपाळराव साहेब दारातूनच बोलले, "काहून अडून राहिलं जी, पुष्पलताबाई?"

"पाहून राहिली, साहेब."

"टेपच खराब धाडली त्याईनं. मी कंपनीले पत्र लिहून राहिलो. पण टँकरची यादी उद्या पारशिवनीले गेली पाहिजे."

दुपारी तिनं तिघांनाही एकाच वेळी चढवून पाहिलं. रुसवे सुटले, सगळं पुढे सरकलं... आणि एका ओळीवर थांबलं. याद्या लावणारा जुना प्रोग्राम कंपनीनं दिला तसा राहिलेला नाही, त्यात कुणीतरी हात घातलाय, त्यावर नवा बसणार नाही.

कुणीतरी. तिच्या कानशिलांना एकदम ऊब आली.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा — मशीन गावाच्या इंग्रजीत लिहिलेल्या नावाची पहिली आठच अक्षरं बघायचं, त्यामुळे सालेगाव खुर्द आणि सालेगाव बुद्रुक त्याला एकच. बुद्रुकची विहीर भरलेली, खुर्दची कोरडी, दोघींची सरासरी बरी. टँकर कुठेच गेला नाही. खुर्दात तिची मावशी, अंजनाबाई. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन दोन मैल चालणारी ती बाई भाचीला लागेल असं एका शब्दानंही बोलली नाही. "मशीन चुकत नाही म्हणतेत, पोरी. मंग आमची विहीरच खोटं बोलली असन." त्याच आठवड्यात पुष्पलतानं कंपनीच्या प्रोग्राममध्ये आठाचे सोळा केले. परवानगी नव्हती, मिळालीही नसती, आणि ती तेव्हा कायमही नव्हती. कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षीची यादी गेलेली होती, पण पुढच्या वर्षापासून टँकर खुर्दात जायला लागला.

कपाटात जुन्या प्रोग्रामची कंपनीची मूळ टेप होती, हात न लावलेली. ती घातली की वीस मिनिटांत सगळं सुरळीत. तिचं नाव कुठेच येणार नव्हतं. फक्त नवा प्रोग्रामही आठच अक्षरं बघणार, आणि उद्याच्या यादीतून खुर्द पुन्हा बुद्रुकाच्या पोटात जाणार होतं. दुरुस्ती राखायची तर साहेबांना विचारून, उघडपणे, नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा करावी लागणार होती.

कचेरीची शिपाई प्रयागबाई चहा आणि साहेबांचं टाइप केलेलं पत्र घेऊन आली. "काय वं, जेवली नाही अजून? मशिनीले भूक नाही लागत, तुले त लागते."

"जेवतो नं, प्रयागबाई."

कंपनीला जायच्या त्या पत्रात लिहिलं होतं, टेप सदोष आहे. तिनं ते दोनदा वाचलं आणि तिला हसूच आलं. भीती वाटेल म्हणून ती थांबून राहिली. नोकरीचा विचार आला, खुलासा मागतील, कदाचित त्याहूनही वाईट... तरी आत काहीतरी मोकळं, हलकं होत चाललं होतं. तीन वर्षं मी चूक लपवत होते असं मला वाटत होतं, आणि मी तर एक चांगलं काम लपवत होते! चालत होतं तोवर ते माझं आहे हे कुणाला सांगायला जागाच नव्हती. आज अडलं, म्हणून कुणीतरी विचारतंय, कुणाचा हात.

ती पत्र घेऊन उठली. साहेबांच्या दारापर्यंत वीस पावलं होती, आणि आधी काय सांगायचं ते तिला ठरवता येईना — सिस्टिम माझ्यामुळे अडली हे, की खुर्दात पाणी माझ्यामुळे गेलं हे. दोन्ही वाक्यं ती मनातल्या मनात म्हणून पाहत होती, आणि दोन्हींत 'माझ्यामुळे' म्हणताना तिला सारखाच आनंद होत होता.