कॅसेटमधलं शेवटचं अर्धं मिनिट

शहाजी मोहिते म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा माणूस. सुकन्येच्या साखरपुड्याला त्यांचा थोरला भाऊ विश्वनाथ संध्याकाळच्या झेलम एक्स्प्रेसने येत होता, तेरा वर्षांनी. आणि हे गृहस्थ दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बनियनवर बसून हेडफोनचा ॲम्प्लिफायर जोडत होते.

"पपा, पाच वाजता स्टेशनला निघायचंय. चलो ना, प्लीज," सुकन्या म्हणाली.

"आधी हे होऊ दे. मग ठरवीन, त्याला या घरात घ्यायचं की नाही."

तेरा वर्षांपूर्वी शहाजी लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होते, लडाखच्या बर्फात. आईला लिहिता येत नव्हतं. तिने विश्वनाथच्या टेपवर कॅसेट भरून पाठवली. म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, असलंच सगळं. शेवटी मशीन बंद झालंय अशा समजुतीने ती लांबून विश्वनाथशी काही बोलत होती. बराकीतल्या टेपवर त्यातलं फक्त 'शहाजी' एवढं कळलं. तीन आठवड्यांनी तार आली, आई गेली. ती चार महिने अंथरुणावर होती आणि विश्वनाथने चकार शब्द कळवला नव्हता. आई मला बोलवत होती आणि याने दडवलं, असं शहाजींनी तेव्हाच ठरवून टाकलं. भावाशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

काल कॅसेट मशीनमध्ये अडकून फीत चुरगळली होती. पलटण सोडल्यापासून नोएडाच्या टीव्ही कारखान्यात दुरुस्ती करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही, ती आता एकदाच चालणार होती. दोन महिने ते आवाजात स्वतःचं काहीही न मिसळणारा ॲम्प्लिफायर बनवत होते ते आईचं ते शेवटचं बोलणं ऐकण्यासाठीच. देशाचा बाजार परदेशी मालाला खुला झाल्यापासून लाजपतराय मार्केटात जपानी ट्रान्झिस्टरही मिळू लागले होते.

साडेतीनला त्यांनी कॅसेट न घालता हेडफोन लावून पाहिला. घूंऽऽ. म्हातारीचा दबका आवाज नेमका त्यातच बुडाला असता.

ट्रान्झिस्टर बदलला. घूंऽऽ. कपॅसिटर बदलला. तरी तेच. सव्वाचारला दिवे मंदावले. आता लाइट गेली की संपलंच. दिवे पुन्हा उजळले. सुकन्या दारात चप्पल घालून उभी होती, रडवेली.

शहाजींनी ॲम्प्लिफायरची पेटी उलटी केली आणि कपाळावर हात मारला. पलटणीत घोटून घेतलेलं, दिसेल ते अर्थिंगला बांधा, घट्ट बांधा. वीस वर्षांच्या त्या सवयीने त्यांनी आतली सर्किटची पाटी पत्र्याच्या पेटीला एकाऐवजी दोन ठिकाणी बांधली होती. दोन तारांचं कडं झालं होतं आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर त्यातच शिरत होती. जादा शिस्त नडली होती! त्यांनी एक तार कापली.

इतकं शांत झालं की हेडफोन जळाला असं त्यांना वाटलं. त्यांनी कॅसेट लावली. म्हशीचं झालं, पावसाचं झालं. चुरगळलेल्या जागी फीत करकरली आणि पुढे सरकली.

"विश्वनाथ, माझ्या गळ्याला हात लाव. माझं दुखणं शहाजीला कळवायचं न्हाई. बर्फात हाय त्यो. जीव हिकडं लागला तर तिकडं पाय घसरंल त्याचा."

"आई, त्यो मला जन्मात माफ करायचा न्हाई."

"न्हाई केलं तर न्हाई. थोरला हाईस तू. सोस."

मग विश्वनाथ रडल्याचा आवाज आला. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत होता. फीत तुटली तेव्हाही हेडफोन शहाजींच्या कानावरच होता.

"पपा? काय म्हणाली आजी?"

शहाजींनी हेडफोन काढून ठेवला. ते पलंगाखाली वाकून काहीतरी चाचपत होते.

"माझे बूट कुठं आहेत गं? गाडी यायची वेळ झाली. तो एकटाच उभा राहील."