एका टोपलीत दोघी

नात शिकायला दूर गेली आणि तिच्या दोन म्हाताऱ्या पाळीव उंदरिणी आजीच्या गळ्यात पडल्या. एक थोरली, एक धाकटी. जाताना तिनं बजावलं होतं, "आजी, दर रविवारी प्रत्येकीला वेगळं जोख हं. या वयात एक सुटते, एक वाळते, नि डोळ्यांना कळत नाही."

आजीला हा चोंबडेपणा वाटला. चाळीस वर्षं तिनं लोकरीचं दुकान चालवलेलं. गुंडे एकेक करून कोण जोखतं? त्यातून थोरली एकटी काट्यावर ठेवली की टुणकन उडी मारायची. म्हणून आजीनं दोघींना एकाच टोपलीत घातलं. टोपली वजा जाता सहाशे चाळीस ग्रॅम. पुढच्या रविवारी तेवढेच. त्याच्या पुढच्याही.

"होत्या तशाच आहेत तुझ्या महाराण्या. गुंजभर फरक नाही," ती फोनवर तोऱ्यात सांगायची.

पिंजरा झाडताना एकदा सून म्हणाली, "आई, धाकटी पिसासारखी लागतेय हो हाताला."

"तुझ्या हाताला काम सोडून सगळंच हलकं लागतं."

दुसऱ्या दिवशी सुनेनं धाकटीला उचलून सरळ सासूच्या ओंजळीत ठेवलं. "माझं नका ऐकू. तुम्हीच बघा."

केसांखाली पाठीचा एकेक मणका आजीच्या बोटाला लागला. तिनं धाकटीला एकटीला काट्यावर ठेवलं. दोनशे वीस. मग थोरलीला दाबून धरलं. चारशे वीस.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं तोंड उघडून पाहिलं. "दात वाढलेत. दाणे फुटत नाहीत हिला. हिच्या वाटणीचं ती खातेय." त्यांनी दात कापले, थोरलीला मोजकंच आणि वेगळं घालायला सांगितलं, धाकटीला मऊ भरवायला सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "पण उशीर झालाय, आजी."

आजीनं दुकानाला कुलूप घातलं. भिजवलेले ओट्स, कुस्करलेलं अंडं, करंगळीच्या टोकावर घासभर. धाकटी दोनदा चाटायची आणि तोंड फिरवायची. आजी पुन्हा करंगळी पुढे करायची.

रविवारची वाट न बघता तिनं नातीला फोन लावला.

"धाकटी चाललीय गं. मी दोघींना एकत्रच जोखत होते. थोरलीचं मांस धाकटीच्या अंगावर मोजत बसले."

आजीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"बोल की. शिव्या दे."

"शिव्यांनी ती खाणार आहे का? भरव तिला. मी उद्या येते."

सकाळी करंगळी ओठाशी असतानाच धाकटीचा श्वास थांबला. नात दुपारी आली. पोटभर रडली, पण आजीला एक शब्द बोलली नाही. चार शब्द बोलली असती तर आजीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आजीनं थोरलीपुढं दाण्यांची वाटी ठेवली. ती धाकटीच्या चिंधीवर अंग चोरून बसली होती. तोंड लावेना.

"खा गं बये," आजी म्हणाली. "आता कुणी वाटेकरी नाही तुला."

"आजी, आज राहू दे तिला."

"राहू देते," आजी म्हणाली, आणि वाटी उचलून हातात धरून पिंजऱ्याशी बसून राहिली.