कडेची टीप

सासूबाईंच्या वाढदिवसाला थोरल्या जाऊबाईंनी गोधडी केली. घरातली आठ माणसं आणि कुत्रा, सगळ्यांच्या आकाराचे कापडी तुकडे कापले, मागे गोंदाची जाळी लावून इस्त्रीने चिकटवले आणि कडेने मशीनची टीप मारली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मीही केलं, मूर्खासारखं.

गोधडी पहिल्यांदा धुवायला निघाली, ती अर्थातच माझ्याकडे आली. या घरातलं धुणं दुसऱ्या कुणाच्या हाताला कधी लागलंय? बादलीतून वर काढली, तर एक बाई पाण्यातच तरंगत राहिली. चष्मेवाली. म्हणजे मी.

"गोंदच मेला खराब निघाला," जाऊबाई म्हणाल्या.

मी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. कडेला सुईचं एकही भोक नव्हतं. बाकी सगळ्यांना दुहेरी टीप होती. कुत्र्यालासुद्धा.

मी ते दाखवलं, तशा सासूबाई वैतागल्या. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? इस्त्री फिरव, चिकटेल परत."

"हो ना, आई," मी म्हणाले. "बारा वर्षं तेच तर करतेय."